कांदळाला ऑइलपेंट

आमच्या कॉलेजात सहा वर्षं खाडीचं एक झाड होतं. सोलापुरात, जिथं नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं आणि मार्चमध्येच डांबर चपलेला चिकटायला लागतं, तिथं. वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागे, सायकल स्टँडच्या भिंतीला लागून एक सिमेंटचा हौद होता, त्यात ते उभं होतं. झाडाचं नाव कांदळ. हौदावरच्या पाटीवर मात्र ‘सुंदरी’ असं लिहिलेलं होतं. सुंदरी हे खाडीतलं वेगळं झाड, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण आमच्या विभागप्रमुखांना ते नाव आवडलं होतं.

मी त्या विभागात तासिका तत्त्वावर लागले. म्हणजे दर जूनमध्ये मला पुन्हा घ्यायचं की नाही, हे विभागप्रमुखांच्या मर्जीवर. ही गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे वागले त्याचं कारण तेच होतं, आणि ते कारण पुरेसं नव्हतं हेही मला माहीत आहे.

विभागप्रमुखांकडे, म्हणजे आमच्या सरांकडे, एक वही होती. पानं पिवळी पडून कोपरे झडलेले. त्या वहीत खारफुटीवर चार पानं होती. ती चार पानं ते दरवर्षी वाचून दाखवायचे, त्याच जागी थांबायचे, त्याच जागी चष्मा पुसायचे. इतक्या वर्षांत मी त्यांना कुठल्या झाडाला हात लावताना पाहिलं नाही. प्रॅक्टिकलला जास्वंद लागली तर ती शिपायानं तोडून आणायची, पाकळ्या आम्ही सुट्या करायच्या, आणि सरांनी लांबून पेनच्या टोकानं ‘हा पुंकेसर’ म्हणायचं. हा माणूस पोस्टात असता तर पोस्टाचंही काही बिघडलं नसतं आणि झाडांचंही.

मी लागले त्याच वर्षी आमची अभ्यास सहल कोकणात गेली. एका खाडीच्या काठाला बस थांबली. ओहोटी होती. गुडघाभर काळा चिखल आणि त्यात ती झाडं, मुळांवर उभी राहिलेली, जणू चिखलात पाय बुडू नयेत म्हणून सगळ्यांनी लुगडी वर खोचली आहेत. मी पुस्तकात हजारदा पाहिलेलं चित्र, पण मला एकदम हसू फुटलं, आनंदानं. सर बसच्या पायरीवर आले, चिखल पाहिला, आपले बूट पाहिले.

“तुम्ही या बघून. मला इथून दिसतंय,” म्हणाले आणि परत जाऊन बसले.

एक बाई चिखलात वाकून कालवं काढत होती. मी चिखल तुडवत तिच्यापर्यंत गेले आणि झाडाचं नाव विचारलं. तिनं वर न बघता सांगितलं, कांदळ. मग माझी धडपड बघून थोडी खुश झाली असावी. झाडाला लटकलेल्या हिरव्या शेंगा तिनं दाखवल्या. हातभर लांब, खाली टोकदार. या झाडाचं बी झाडावरच रुजतं. आईच्या अंगावरच मूल चालायला शिकावं तसं ते फांदीवरच शेंगेसारखं वाढतं आणि तयार झालं की खाली पडतं, चिखलात टोकावर उभं राहतं, नाहीतर पाण्याबरोबर दुसरीकडे जातं. पाण्यावर तरंगत आलेल्या तीन शेंगा मी उचलल्या आणि ओल्या नॅपकिनात गुंडाळल्या.

बसमध्ये चढले तर सर म्हणाले, “काय मॅडम, शेवगा घेतला वाटतं? आमटीला?”

सगळी बस हसली. मीही हसले. नोकरीला आल्यापासून मी सगळ्यात आधी जे शिकले ते हे हसणं.

सोलापुरात आल्यावर त्या शेंगांचं काय करायचं हा प्रश्न होता. कॉलेजात एक माळी होते. मंगळवेढ्याचे. घरची थोडी जिरायती जमीन, तिथं ज्वारी, भाऊ बघायचा. हे आठवडाभर सोलापुरात आणि रविवारी एसटीनं गावाकडे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मी शेंगा दाखवल्या तर त्यांनी एक हातात घेऊन वास घेतला, नखानं खरवडून बघितली, आणि विचारलं, “बाई, ह्येला पाणी किती लागतंय?”

“पायात कायम पाणी पाहिजे, मामा.”

“हितं?” ते म्हणाले. “हितं मान्साला मिळंना.”

पण त्यांनी केलं. कधीकाळी कमळं लावायला बांधलेला एक हौद फुटका पडला होता. त्याची भेग त्यांनी बुजवली, तळ्यातला गाळ पोत्यानं आणून टाकला, आणि कॉलेजच्या बोअरचं मचूळ पाणी सोडलं. तीन शेंगा टोकावर उभ्या खोचल्या. दोन कुजल्या. तिसरी दोन महिने तशीच काठीसारखी उभी राहिली. मी आशा सोडली होती. एक दिवस मामांनी मला तास चालू असताना दारातून खूण केली. जाऊन बघते तर शेंड्याला दोन पानं, तेल लावल्यासारखी चकचकीत.

पुढचे उन्हाळे त्या झाडानं मामांच्या जिवावर काढले. एप्रिलपासून ते हौदावर चार बांबू रोवून गोणपाट बांधायचे. दुपारी एक आणि तीन वाजता गोणपाट भिजवायचे, पानांवर पाणी मारायचे. रविवारी गावाला जाताना वॉचमनला बजावून जायचे. झाड हळूहळू कमरेएवढं झालं, मग खांद्याएवढं. तिसऱ्या वर्षी त्याच्या खोडातून बाजूला कमानीसारखी मुळं निघाली आणि वाकून गाळात घुसली. मामांनी मला ती दाखवली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, नातू पहिल्यांदा उभा राहिल्यावर असतो तसा भाव होता.

“टेकू लावतंय की सवताच सवताला,” म्हणाले.

त्याच सुमाराला सरांना बढतीसाठी शोधनिबंधांची गरज पडली. तीन वर्षं हौदाकडे पाठ करून स्कूटर लावणारा माणूस एका सकाळी हौदापाशी उभा दिसला. हात पाठीमागे. एकदम मालकासारखा.

“मॅडम, आपलं झाड चांगलं आलंय.”

आपलं. मी “हो सर” म्हणाले.

आठ दिवसांत पाटी आली. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरात ‘सुंदरी’ आणि खाली सरांचं नाव, पदव्यांसकट. मी धीर करून म्हणाले, “सर, हे कांदळ आहे. सुंदरीचं पान खालून चंदेरी असतं आणि तिला अशी टेकूची मुळं नसतात.”

सर हसले. “मॅडम, झाडाला काय कळतंय आपलं नाव काय ते?”

विद्यार्थ्यांना कळत नव्हतं, प्राचार्यांना कळत नव्हतं, आणि ज्यांच्या नावावर हा विषय होता त्यांना फरक पडत नव्हता. त्यानंतर तीन बॅचेसनी परीक्षेत कांदळाला सुंदरी म्हणून पूर्ण मार्क मिळवले. पेपर मीच तपासले.

मग मीठ आलं. सरांच्या डोक्यात निबंधाचा विषय बसला होता: खाऱ्या पाण्यातलं झाड कोरड्या प्रदेशात मिठाच्या वेगवेगळ्या मात्रेवर कसं वाढतं. त्यांनी जाड्या मिठाची पोती मागवली आणि मामांना बोलावून सांगितलं, दर शनिवारी दोन किलो हौदात टाकायचं. मी म्हणाले, “सर, ते मीठ सहन करतं, पण त्याला मीठ लागतंच असं नाही. गोड्या पाण्यातही जगतंच आहे की.”

“मॅडम, समुद्रात मीठ असतं की नाही?”

“असतं.”

“मग झालं तर.”

पुढच्या शनिवारी मी हौदापाशी गेले. मामा पोतं उचलून औजारांच्या खोलीत ठेवत होते.

“मामा, सरांनी टाकायला सांगितलंय ना?”

“सांगितलंय की.” त्यांनी खोलीची कडी लावली. “पर बाई, मिठानं रान मरतंय. आमच्याकडं एकाच्या हिरीला खारं पाणी लागलं, त्येचं दोन एकर पांढरं फटक झालं. आन मी हौदात मीठ टाकू व्हय? झाड काय वाईट हाय काय आमचं?”

“सरांनी विचारलं तर?”

“टाकलं म्हनून सांगतो. ते काय चाखून बघनार हायेत?”

त्यांनी खरोखरच चाखून बघितलं नाही. त्यासाठी हौदाच्या काठाशी वाकावं लागलं असतं. पण मामांनी मीठ टाकलेलं नाही हे मला माहीत होतं. पहिल्या शनिवारपासून माहीत होतं.

निबंध तयार झाला. पानांची लांबी-रुंदी मी स्वतः पट्टीनं मोजायचे, दर पंधरा दिवसांनी, उन्हात. ती आकडेवारी खरी होती. शेजारचा मिठाचा रकाना सरांनी खुर्चीत बसून सांगितला. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. एका ठिकाणी म्हणाले, “इथं जरा कमी करा, नाहीतर फार सरळ दिसतंय.” मी कमी केलं. खाली नावं दोन: पहिलं त्यांचं, दुसरं माझं.

निबंध एका परिषदेत वाचला गेला. समोर बसलेल्यांपैकी निम्मे जेवणाच्या कुपनाची रांग कधी सुरू होते ते बघत होते, उरलेले आपला नंबर कधी येतो ते. कुणी एक प्रश्न विचारला नाही. मला प्रमाणपत्र मिळालं. आमच्या घरी आईनं ते हातात घेतलं, “छलो आतु,” म्हणाली, म्हणजे छान झालं. घरात आम्ही कन्नड बोलतो, आणि आई कौतुकाच्या बाबतीत काटकसरी आहे, त्यामुळे ते दोन शब्द मला पुष्कळ दिवस पुरायला हवे होते. तिनं प्रमाणपत्राला फ्रेम करून घेतली आणि टीव्हीच्या वर लावली. रोज संध्याकाळी बातम्या बघताना मला त्यातलं माझं नाव दिसायचं. मी तिला खरं सांगितलं नाही. न टाकलेल्या मिठावर निबंध होतो आणि त्याला प्रमाणपत्र मिळतं, हे तिला पटवून द्यायला मला कन्नडमध्ये शब्द सुचले नसते. मराठीतही सुचत नव्हते.

सर प्राध्यापक झाले. पेढे वाटले. मामांना एक पेढा मिळाला.

सहाव्या वर्षी कॉलेजचं मूल्यांकन करायला बाहेरून समिती येणार होती. ज्यांनी हे प्रकरण पाहिलं नाही त्यांना ते समजावून सांगणं अवघड आहे. लग्नघर बरं. पाच वर्षांत कुणी न उघडलेल्या कपाटांना नवीन लेबलं लागली. ग्रंथालयात मुलांना बसायला खुर्च्या आल्या आणि त्यावरचं प्लास्टिक तसंच ठेवायचं असं ठरलं. ज्या समित्या कधी भरल्याच नव्हत्या, त्यांची इतिवृत्तं आम्ही सहाजणांनी तीन दिवस बसून लिहिली, वेगवेगळ्या पेनांनी. प्राचार्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांची सभा घेऊन सांगितलं, “समितीला आपलं कॉलेज जिवंत वाटलं पाहिजे.”

जिवंत वाटावं म्हणून रंग. दगडांना रंग, कठड्यांना रंग, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे. ती आपल्याकडची रीतच आहे. साहेब येणार म्हटलं की झाडाला पट्टे. का, ते कुणी सांगू शकत नाही. साहेबालाही ते नको असतात, पण नसले तर चुकल्यासारखं वाटत असावं.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मला मामांचा फोन आला. मी विभागाचं सादरीकरण तयार करत होते. त्यातल्या सातव्या स्लाइडवर आमच्या झाडाचा फोटो होता आणि खाली ‘सुंदरी: विभागाचा मानबिंदू’ असं होतं, अक्षराचा आकार किती ठेवावा यावर सर माझ्या खांद्यामागे उभं राहून सूचना देत होते. फोन वाजला, मी बघितलं, आणि कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा सर म्हणाले, “कोण आहे?” मी म्हणाले, “कोणी नाही.” आणि फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी पोचले. मामा हौदापाशी उकिडवे बसले होते. मी जवळ गेले आणि आधी मला कळेचना मी काय बघते आहे. कांदळाचं खोड आणि कमानीची सगळी मुळं, गाळात जातात तिथपर्यंत, रंगवली होती. खाली तांबडा, वर पांढरा, मध्ये एक बारीक काळी रेघ. गेरू-चुना नव्हे. ऑइलपेंट. उन्हात चमकत होता.

“गेरू संपला म्हनं,” मामा म्हणाले. “गेटचा रंग उरलाय, त्योच लावा, चकाकतोय बी. मी पेंटरला हातापाया पडलो. म्हनलं ह्येला नको, ह्ये येगळं हाय. त्यो म्हनला, प्राचार्य सायेबांनी सांगितलंय एक बी झाड सुटता कामा नये. तुमाला फोन लावला बाई. तीन येळा लावला.”

मी वाकून एका मुळावरून बोट फिरवलं. गुळगुळीत लागलं.

त्या मुळांना बारीक बारीक छिद्रं असतात, हात फिरवला तर खरखरीत लागतात. गाळात हवा नसते. खाली बुडालेल्या मुळांना लागणारी हवा ते झाड या वरच्या मुळांतल्या छिद्रांतून घेतं. ते त्याचं नाक. सरांच्या वहीतल्या चार पानांपैकी दुसऱ्या पानावर हेच लिहिलेलं होतं. आणि त्या नाकावर आम्ही तांबडा-पांढरा ऑइलपेंट फासला होता, दोन हात.

मी प्रयोगशाळेतून ब्लेडं आणली. मामांनी कुठून तरी टर्पेंटाइनची बाटली पैदा केली होती, पण ते मी लावू दिलं नाही. त्यानं मुळं जळाली असती. आम्ही दोघं हौदाच्या काठावर बसून खरवडायला लागलो. रंग सालीसकट निघत होता. अर्ध्या तासात वीतभर मूळ मोकळं झालं असेल, तेही ओरबाडून. एवढ्यात प्राचार्य फेरी मारत आले, मागे सर.

“हे काय चाललंय?”

मी सांगितलं. जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं. झाड यातून श्वास घेतं, रंग काढला नाही तर मरेल.

प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. “मॅडम, समिती दहाला येतेय. झाड काय आज मरणार आहे का?”

“आज नाही, पण…”

“मग समिती गेल्यावर काढा की. आता हे अर्धवट खरवडलेलं किती घाण दिसतंय! पेंटरला बोलवा रे, इथं टचअप करा.”

मी सरांकडे बघितलं. एवढ्या वर्षांत तरी त्यांना ती चार पानं पाठ झाली असतील, असं मला वाटलं होतं. सर म्हणाले, “मॅडम, सादरीकरणाचा पेन ड्राइव्ह तुमच्याकडेच आहे ना?”

मी ब्लेड खाली ठेवलं.

हे वाक्य मी पुष्कळ वेळा मनात वेगळ्या तऱ्हेनं लिहून बघितलं आहे. मला ओढून नेलं असं नाही. कुणी दम दिला असंही नाही. मी ब्लेड हौदाच्या काठावर ठेवलं, हात पुसले आणि पेन ड्राइव्ह आणायला गेले. मामा तिथंच बसून राहिले. पेंटर आला आणि त्यानं आम्ही मोकळी केलेली वीतही रंगवून टाकली.

समितीत तिघं होते. हौदापाशी ते दोन मिनिटं थांबले. एकजण म्हणाला, “वा, मेंटेनन्स चांगला आहे.” त्यातल्या एका बाईंनी मात्र वाकून मुळाला बोट लावलं. बोटाला तांबडा डाग लागला. “हे रंगवलंय का?” त्यांनी विचारलं.

“कीड लागू नये म्हणून, मॅडम,” सर म्हणाले. जराही न अडखळता. माणसाचा एखादा गुण तरी कबूल करावा.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काहीतरी ठाऊक असावं, किंवा शंका असावी. मी एक शब्द बोलले असते तर पुरे होतं.

मी मान हलवली. होकारार्थी.

श्रेणी चांगली मिळाली. गेटवर फटाके उडाले. समिती गेल्यावर रंग काढायला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही काढायला गेलो तोवर तो दगडासारखा झाला होता. तरी मामा रोज थोडं थोडं खरवडत. तिसऱ्या आठवड्यात खालची पानं पिवळी पडली. मग वरची. ती गळून पाण्यावर तरंगायची आणि मामा ती रोज वेचून बाहेर काढायचे, जणू पानं दिसली नाहीत तर झाड वाचेल. दीड महिन्यात काड्या उरल्या. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या काड्या. रंग मात्र काही केल्या उडाला नाही.

त्याच महिन्यात मला कायम केल्याची ऑर्डर आली.

आता मानबिंदू मेला म्हटल्यावर चौकशी करणं भाग होतं. पुढच्या वर्षीच्या अहवालात त्याचा फोटो जायचा होता. प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्हाला बोलावलं: सर, मी आणि मामा. आम्ही दोघं खुर्चीवर, मामा उभे. कुणीतरी औजारांच्या खोलीत मिठाची पोती बघितली होती, न फोडलेली, दगड झालेली. सरांना ते समजल्यावर त्यांचा चेहरा उजळला होता.

“हे बघा सर,” सर प्राचार्यांना म्हणाले, “खाऱ्या पाण्याचं झाड आहे. त्याला मीठ मिळालंच नाही. यानं एक दाणा टाकलेला नाही. झाड जगणार कसं?”

प्राचार्य मामांकडे वळले. “काय रे? इतकी वर्षं इथं काम करतोस, खाल्ल्या मिठाला तरी जागायचं!”

“सायेब,” मामा शांतपणे म्हणाले, “मीठ खाल्लं न्हाय मी. सगळं तितंच हाय, खोलीत. मोजून घ्या.”

प्राचार्यांना राग आला की हसू आलं ते मला समजलं नाही.

“सर,” मी विभागप्रमुखांना विचारलं, “मामांनी एक दाणाही मीठ टाकलं नाही ना?”

“अजिबात नाही!”

“मग आपल्या निबंधात मीठ कुठलं होतं?”

सरांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. खूप वेळ पुसला. मी पुढं बोलत गेले: झाड मिठावाचून सहा वर्षं जगलं, ऑइलपेंटनं दीड महिन्यात मेलं, ते कांदळ होतं, सुंदरी नव्हतं, आणि निबंधातला मिठाचा रकाना खोटा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मीच तो टाइप केला. प्राचार्यांनी हात वर केला.

“मॅडम, हा विषय आपण इथंच थांबवू. कॉलेजच्या दृष्टीनं ते बरं.”

आणि विषय थांबला. एवढंच. सरांना कुणी काही विचारलं नाही. मी परिषदेला पत्र लिहून माझं नाव मागं घेत असल्याचं कळवलं. त्यांचं उत्तर आलं नाही, कदाचित तिथं पत्र उघडणारं कुणी नसावं. आईला सांगितलं तेव्हा तिनं फ्रेम उतरवली, काच पुसली आणि त्यात अक्कलकोटच्या स्वामींचा फोटो घातला. मामांना बागेतून काढून वसतिगृहाच्या गेटवर बसवलं. पन्नाशी उलटलेल्या माळ्याला एका स्टुलावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायला. त्यांना लिहायला फारसं यायचं नाही. मुलं स्वतःच लिहायची आणि ते नुसते बघायचे. दोन वर्षांनी सर शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी सोलापूरच्या मातीत समुद्र आणल्याचा उल्लेख केला आणि टाळ्या पडल्या.

कुणी म्हणेल, निदान मी शेवटी बोलले. मी बोलले तेव्हा ऑर्डर माझ्या पर्समध्ये होती. तिची घडी अजून कडक होती. त्याला धाडस म्हणायचं असेल तर म्हणा.

मामा निवृत्त झाल्यावर मी एकदा मंगळवेढ्याला गेले. थंडीचे दिवस होते, ज्वारी कणसात आली होती. स्टँडवरून, मुलाखतीला आल्यासारखी घाबरत मी त्यांच्या वस्तीवर पोचले. त्यांनी घोंगडं टाकलं, त्यांच्या सुनेनं चहा आणला. मी बऱ्याच दिवसांचं साठवलेलं बोलून टाकलं. फोन कट केला त्याबद्दल, ब्लेड ठेवलं त्याबद्दल.

मामांनी ऐकून घेतलं. मला वाटलं आता ते म्हणतील, जाऊ द्या बाई, तुमचा काय दोष. आपल्याकडं म्हणतातच तसं.

“तुमी बोललासा,” ते म्हणाले. “पर लई उशिरा बोललासा.”

मी “हो” म्हणाले.

मग मी मोबाइलवर खाडीचा एक फोटो उघडून त्यांना दाखवला. त्या वर्षी दिवाळीत मी एकटीच पुन्हा त्या बाजूला जाऊन आले होते. नजर जाईल तिथपर्यंत कांदळ, सगळी आपापल्या टेकूवर उभी. मामांनी फोन लांब धरून बराच वेळ बघितलं.

“येवडी?” म्हणाले. “आन ह्यांला कोन बगतंय?”

“कुणी नाही.”

“पाणी?”

“दिवसातून दोनदा येतं आणि जातं.”

“रंग बिंग?”

“नाही मामा.”

“मग बरं हाय की,” म्हणाले आणि फोन परत दिला. ज्वारीवर पाखरांचा थवा उतरला होता. ते गोफण घेऊन उठले, आणि मी साडेचारच्या एसटीसाठी निघाले.